दाफिनाची भरलेली फ्लॉपी

दाफिना चोलाकोवाने ल्यूबेन हाजीएवला माफ केलं नाही. लोक अजून मला विचारतात, शेवटी तरी दोघांचं मिटलं असेल ना? मी दोघांबरोबर एकाच इमारतीत नोकरी केली, म्हणून हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. नाही मिटलं. आणि दाफिनाला ओळखणाऱ्या कुणालाही ते मिटावं असं फारसं वाटलं नाही.

आमची नोकरी म्हणजे रोदोपीच्या डोंगरातल्या गाण्यांचा संग्रह सांभाळणं. वाड्यावस्त्यांवरच्या बायकांनी गायलेली, मेंढपाळांनी बॅगपाइपवर वाजवलेली गाणी टेपांवर घेतलेली होती आणि त्या टेपा एका थंड खोलीत फळ्यांवर रचलेल्या होत्या. मी ध्वनिमुद्रणाचा माणूस. टेपा लावणं, टेप वाचणारं यंत्राचं हेड पुसणं, तुटलेली टेप चिकटवणं हे माझं काम. ल्यूबेन आमचा संचालक. शिकलेला इंजिनिअर, दिसायला देखणा, मेजवानीत सगळ्यांत आधी ग्लास उचलून बोलायला उभा राहणारा. आणि दाफिना राजधानी सोफियाहून गणित शिकून परत आलेली, आमची एकुलती एक प्रोग्रॅमर. तिला सोफियात चांगली जागा मिळत होती. आई एकटी आहे म्हणून ती डोंगरात परतली, आणि परतल्यापासून सगळ्यांशी भांडत होती. तिला कॉफी कडू लागायची, खिडकी नीट लागत नसायची, माणसं कामचुकार वाटायची. बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं, आणि तेच लोकांना सहन होत नसे.

तिची आई केरा. तरुणपणी तिच्यासारखा आवाज आमच्या भागात नव्हता. ती एका कड्यावर गायला लागली की समोरच्या कड्यावर गवत कापणाऱ्या बायका विळे खाली ठेवायच्या, असं माझे वडील सांगायचे. नवरा गेल्यावर केराने गाणं सोडलं. लग्नात नाही, सणाला नाही, कुणाच्या बाळासाठी अंगाईसुद्धा नाही. त्यामुळे तिचा आवाज एकाच टेपवर होता, एकच गाणं, चार मिनिटांहून थोडं जास्त. ते नवरा जिवंत असताना घेतलेलं.

टेपांवरची गाणी संगणकात उतरवायची असं ठरलं, तेव्हा त्यासाठीचा प्रोग्रॅम दाफिनाने सी भाषेत लिहिला. आमच्याकडे यंत्रं तीन तऱ्हेची. टेबलावरचे नवे संगणक, कोपऱ्यातली जुनी, देशी बनावटीची प्रावेत्स, आणि परदेशी लोकांनी भेट दिलेला मोठा सर्व्हर, त्याची रीतच वेगळी. प्रोग्रॅम तिन्हीकडे चालायला हवा होता. दाफिनाने त्यातला निम्मा वेळ एकाच गोष्टीवर घालवला, फाईल खरोखर लिहिली गेली की नाही हे विचारण्यावर. मी एकदा म्हणालो, एवढं काय त्यात, लिहिली म्हणजे लिहिली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझी खुर्ची लहान वाटायला लागली.

"गेंचोदादा, प्रोग्रॅम 'लिहिलं' म्हणतो, तेव्हा त्याने हातातलं फक्त दुसऱ्याच्या हातात दिलेलं असतं," ती म्हणाली. "तो दुसरा ते जरा साठवून ठेवतो, मग डिस्ककडे नेतो. डिस्क नाही म्हणाली तर कधी कळेल? कधी लगेच, कधी थेट फाईल बंद करताना. म्हणून दर वेळी विचारायचं, आणि बंद करताना पुन्हा विचारायचं. बंद करणं हेही एक कामच आहे, तेही फसतं."

मी विचारलं, का फसलं तेही कळतं का. ती म्हणाली, कारणाचा आकडा एक यंत्र देतं, दुसरं देत नाही, तिसऱ्यावर मागच्याच कुठल्या चुकीचा शिळा आकडा पडून असतो. भाषा हमी देते ती एवढीच, की फसलं की नाही फसलं. तेवढ्यावरच भरवसा ठेवायचा, कारण मिळालं तर वरकड.

मग ज्या हिवाळ्यात दुकानांत पाव सापडत नव्हता आणि लोक चौकात उभे राहून घोषणा देत होते, त्या हिवाळ्यात मंत्रालयातून पाहुणे आले. ल्यूबेनने सगळी तयारी केली होती. टेबलावर चीज भरलेला बानित्सा, घरी गाळलेली राकिया दारू, पारंपरिक पोशाखातल्या दोन गायिका. पाहुण्यांसमोर एक गाणं संगणकात उतरवलं आणि शेवटच्या क्षणी पडद्यावर लाल अक्षरं आली: जतन झालं नाही. सर्व्हरवरची आमच्या वाट्याची जागा संपत आली होती. प्रोग्रॅमने आपलं काम चोख केलं होतं. पण पाहुणे हसले, आणि ल्यूबेनला हसलेलं चालत नसे. ते गेल्यावर त्याने दाफिनाला सगळ्यांदेखत विचारलं, हे असं किरकिर करणारं सामान कुणी मागितलं होतं? ती म्हणाली, "साहेब, तुम्ही जागा वाढवून घ्या, ते किरकिर करणार नाही." त्याने जागा वाढवली नाही.

त्याच महिन्यात केरा गेली. दाफिना रजा घेऊन गावी गेली आणि चाळिसाव्या दिवशी मेलेल्याच्या नावाने वाटायचे उकडलेले गहू वाटून होईपर्यंत तिथेच राहिली. ती नसताना ल्यूबेनने प्रोग्रॅम उघडला. तो इंजिनिअर होता, काय कुठे आहे ते त्याला वाचता येत होतं. जिथे जिथे लिहिल्यावर विचारलं होतं, बंद करताना विचारलं होतं, ते सगळं त्याने काढून टाकलं. त्याच्या जागी हिरव्या अक्षरांत एकच वाक्य: जतन झालं. काम झपाझप चालू लागलं. नव्या टेपा मिळत नव्हत्या, म्हणून उतरवून झालेल्या टेपा पुसून पुन्हा वापरायचा हुकूम निघाला. पुसायचं यंत्र मीच चालवत होतो. पडद्यावर हिरवं दिसायचं, मी टेप यंत्रात घालायचो.

दाफिना परत आली त्या दिवशी काळ्या शालीतच कामावर आली. कोट काढण्याआधी तिने संगणकावर आईचं नाव शोधलं. नाव होतं, गाण्याचा पहिला शब्द होता, लांबी होती, कारण हे फाईलच्या तोंडाशी आधीच वेगळं लिहिलं जायचं. तिने कानाला हेडफोन लावला. पडद्यावरचा काटा सरकत राहिला. मी तिच्याकडे बघत होतो, आणि काटा शेवटाला पोचेपर्यंत तिचा चेहरा तसाच होता. मग तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं. तिसऱ्यांदा लावल्यावर तिने हेडफोन काढला आणि टेप कुठे आहे विचारलं. त्या टेपवर आता शहराच्या बँडची तालीम होती.

नुसतं केराचं गाणं नव्हतं, त्या काळात उतरवलेलं सगळंच असं मुकं निघालं. सर्व्हर तोंडाचा तेवढा तुकडा घ्यायचा आणि बाकीच्याला बंद करताना नकार द्यायचा. तो नकार ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

चौकशी समिती बसली. समितीत तीन माणसं होती आणि तिघंही ल्यूबेनच्या टेबलावर जेवलेली. त्याने सांगितलं की प्रोग्रॅम दाफिनाने लिहिला, वरती तिचंच नाव आहे, बिचारी दुःखात होती, चुका होतात. दाफिनाने त्यांना समजावलं की कुठल्या ओळी काढल्या आणि त्याने काय झालं. एकाने विचारलं, एवढ्याशा ओळींनी एवढं होतं होय? मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की दोष तिचा. तिला काढून टाकलं. ती दारातून बाहेर पडली तेव्हा ल्यूबेन जिन्यात उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला की मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्यासाठी मी कुठेतरी शब्द टाकीन.

तोवर ती त्याला अहोजाहो करायची. त्या दिवशी पहिल्यांदा ती म्हणाली, "तू टाकच शब्द. तू जिथे जिथे शब्द टाकशील तिथे मी येईन."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलली. पुढच्याच वर्षी ल्यूबेनने संग्रह सोडला आणि तोच प्रोग्रॅम घेऊन स्वतःची कंपनी काढली. वरचं दाफिनाचं नाव मात्र या वेळी पुसलं. रेडिओ केंद्रं, वाचनालयं, चर्चची संग्रहालयं अशी गिऱ्हाइकं. जाहिरातीत लिहिलेलं असे: कुठलंही यंत्र, कुठलीही डिस्क. दाफिना तेव्हा दरीतल्या एका डेअरीत होती. चीज मुरवायच्या खोल्यांचं तापमान नोंदवणारे प्रोग्रॅम लिहायची. पगार बरा होता, मालक तिला घाबरून असे. जाहिरातीचा तो कागद तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "कुठलीही डिस्क म्हणतोय. चल, बघू."

आम्ही प्लोव्दिवच्या जत्रेला गेलो, तिथल्या व्यापारी मेळ्याला. ल्यूबेनचा मंडप भरलेला होता, तो उत्तम बोलत होता. दाफिना मागच्या रांगेत रुमाल बांधून बसलेली. त्याने विचारलं की कुणाला स्वतः करून बघायचंय का. ती उठली, पुढे गेली आणि पर्समधून एक फ्लॉपी काढून त्याच्या मदतनिसाकडे दिली. फ्लॉपी जवळजवळ भरलेली होती, थोडीशीच जागा शिल्लक. ल्यूबेनने तिला ओळखलं, पण माणसं बघत होती. त्याने माइकमध्ये दोन वाक्यं बोलून ती साठवली. पडद्यावर हिरवी अक्षरं आली.

"आता वाजव," दाफिना म्हणाली.

अर्धा शब्द वाजला आणि पुढे काही नाही. पहिल्या रांगेत एका वाचनालयाची प्रमुख बाई होती, मिल्का नावाची. ती म्हणाली की पुन्हा करून दाखवा. पुन्हा हिरवं, पुन्हा अर्धा शब्द. लोक एकेक करून उठले. परतीच्या बसमध्ये दाफिनाने डब्यातली सरमी, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, उघडली आणि मला खायला घातली, स्वतःही पोटभर खाल्ली. किती दिवसांनी तिला अशी जेवताना बघत होतो. मी म्हणालो, झालं ना आता? ती म्हणाली, "गेंचोदादा, आत्ता कुठे मला भूक लागलीय असं समज. जेवण पुढे आहे."

ल्यूबेन मूर्ख नव्हता. त्याने प्रोग्रॅम दुरुस्त केला, म्हणजे प्रत्येक वेळी लिहिल्यावर विचारायला लागला. स्तारा झागोराच्या प्रदर्शनात त्याने स्वतःच भरलेली फ्लॉपी घालून दाखवली, आणि लाल अक्षरं आल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाफिना आली होती. तिने विचारलं की याच फ्लॉपीवर मला फक्त माझं नाव साठवायचंय, एवढं छोटं चालेल का? तो हसला, म्हणाला त्याहून सोपं काय. तिने माइकमध्ये नाव सांगितलं. पडद्यावर हिरवं. वाजवल्यावर काहीच नाही, एक अक्षरसुद्धा नाही.

तिने हे मला आधीच सांगून ठेवलं होतं. एवढासा तुकडा मधल्या त्या दुसऱ्याच्या साठवणीतच मावतो, डिस्ककडे जायची वेळच येत नाही, म्हणून लिहिताना सगळं ठीक वाटतं. डिस्क नाही म्हणते ती बंद करताना, आणि बंद करताना ल्यूबेन अजून विचारत नव्हता. तिथल्या लोकांना तिने यातलं काही समजावलं नाही. तिला समजावायचं नव्हतंच. तिला त्याचा चेहरा बघायचा होता. तो तिने बघितला आणि पर्सची चेन लावून बाहेर पडली.

त्यानंतर मंडपाच्या दारावर तिला अडवायला लागले. तेव्हा तिने दुसऱ्यांना शिकवलं. मिल्काला शिकवलं, मिल्काने आणखी चौघींना. वाचनालयांच्या बायका पर्समध्ये भरलेल्या फ्लॉपी घेऊन फिरायला लागल्या. विकत घेण्याआधी कुणीतरी उठायचं आणि म्हणायचं, माझ्या डिस्कवर करून दाखवा. सीमेपलीकडे निशमध्ये झालं, स्कोप्येमध्ये झालं. ल्यूबेनच्या विक्रेत्यांना बाईने पर्स उघडली तरी धडकी भरायला लागली, असं लोक हसून सांगायचे.

मग त्याने शेवटचा उपाय केला. घाईघाईत एका पोराकडून, की स्वतः, कोण जाणे, प्रोग्रॅममध्ये सगळीकडे कारणाचा तो आकडा बघायची व्यवस्था केली. फसलं की नाही हे न विचारता थेट आकडाच बघायचा. त्याच्या ऑफिसातल्या यंत्रावर ते चाललं. एका मोठ्या रेडिओ केंद्राने होकार दिला, आता फक्त त्यांच्या यंत्रावर दाखवायचं राहिलं होतं. त्या केंद्रात मिल्काची बहीण नोकरीला होती. तिने दाफिनाला विचारलं की यंत्र कोणतं निवडू. दाफिनाने एका जुन्या यंत्राचं नाव सांगितलं, त्यांच्याकडे तळघरात पडलेलं. दाखवायच्या दिवशी तेच मांडलं गेलं. तिथे जागा भरपूर होती, गाणी नीट साठत होती, पण यंत्रात मागच्या चुकीचा शिळा आकडा पडून होता, म्हणून ल्यूबेनचा प्रोग्रॅम दर गाण्यामागे ओरडत होता की जतन झालं नाही. मग यंत्र बंद करून चालू केलं, तो आकडा पुसला गेला, आणि खरोखर जागा संपवली तेव्हा प्रोग्रॅम म्हणाला, जतन झालं. तिथल्या कुणीतरी कागदपत्रं गोळा करताना म्हटलं की हाजीएव साहेब, तुमच्या प्रोग्रॅमला हो आणि नाही यातला फरक कळत नाही. हे वाक्य सगळ्या धंद्यात फिरलं. वर्ष संपायच्या आत कंपनी बंद पडली.

त्यानंतर एका वसंतात ल्यूबेन डेअरीत आला. मी त्या दिवशी तिथेच होतो, चीज घ्यायला गेलो होतो. तो वाळला होता, कोट अंगावर सैल झाला होता. दाफिना तिच्या खोलीत संगणकासमोर बसलेली. तिने त्याला बसायला सांगितलं नाही, पण तो बसला. म्हणाला की जे झालं ते वाईट झालं. मला तेव्हा इतकं होईल असं वाटलं नव्हतं. तू जिंकलीस, आता पुरे कर. अजून एखादं लहानसं काम मिळेल मला, तिथे तरी येऊ नकोस.

 दाफिनाने संग्रहातून सोबत आणलेली एक फाईल उघडली आणि हेडफोन त्याच्यापुढे सरकवला.

"हे ऐक," ती म्हणाली. "शेवटपर्यंत ऐक, मग बोलू."

त्याने हेडफोन लावला. पडद्यावर केराचं नाव होतं आणि काटा सरकायला लागला होता. काय आहे ते त्याला लगेच कळलं. त्याने काढायला हात वर नेला, तर दाफिनाने मान हलवली आणि तो हात तसाच खाली आला. चार मिनिटांहून थोडं जास्त. खालून दुधाचे कॅन ओढल्याचा आवाज येत होता, तोही फक्त आम्हा दोघांना. त्याचे डोळे काट्यावर होते. मधे एकदा त्याने ओठ आवळले. काटा शेवटाला पोचला तेव्हा त्याने हेडफोन काढून अगदी हळू टेबलावर ठेवला.

"कुठलं गाणं होतं?" त्याने विचारलं.

मला वाटलं, ती सांगेल. खरं सांगायचं तर मला तिने सांगावं असं वाटत होतं, कारण त्याच्या आवाजात त्या वेळी नाटक नव्हतं. दाफिनाने संगणक बंद केला.

"ते तुला कधीच कळणार नाही," ती म्हणाली. "ऊठ आता. मला कामं आहेत."

तो गेला. नंतर कळलं की बायकोच्या माहेरी, खाली मैदानात, मधमाश्या पाळतो. दाफिना त्याच्या मागे पुन्हा गेली नाही, पण सोडूनही दिलं नाही. त्याच्या गावाहून आलेलं कुणी भेटलं की ती चौकशी करते, आणि मध कमी झाला असं ऐकलं की त्या दिवशी तिचा मूड चांगला असतो. हे ती लपवत नाही. मी एकदा तिला म्हणालो की एवढी वर्षं गेली, मनाला थोडी शांतता घे. तिने विचारलं, शांतता मी आईकडून घेतलीय ना, चार मिनिटांची, आणखी किती घेऊ?

संग्रहात नवीन संचालिका आली तेव्हा तिने दाफिनाला परत बोलावलं. दाफिनाने अट घातली. त्या समितीतले तिघे चौकशी झाली त्याच खोलीत येऊन सगळ्यांसमोर तोंडाने सांगतील की दोष तिचा नव्हता, तर ती येईल. संचालिकेने खटपट केली. दोघं आले. त्यातल्या एकाला बोलताना धाप लागत होती, तरी तो नीट बोलला, दुसराही बोलला. तिसरा सोफियात मोठ्या पदावर होता, त्याने निरोप पाठवला की वेळ नाही. दाफिनाने दोघांचं ऐकून घेतलं, त्यांच्यासाठी आणलेली कॉफी त्यांना दिली, आणि संचालिकेला म्हणाली की तिसरा आला की कळवा.

तिसऱ्याची ती अजून वाट बघतेय. त्याचं ऑफिस कुठल्या इमारतीत आहे आणि तिथे कुठले संगणक आहेत, हे तिने मला परवाच सांगितलं.